‘सर, तुमचा डेटा इथेच ऐरोलीत आहे’

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. ठाण्यातली पतसंस्था, नौपाड्यात मुख्य कार्यालय, कळव्यापासून बदलापूरपर्यंत नऊ शाखा. कोअर सॉफ्टवेअर, म्हणजे खात्यांचे सगळे हिशेब ठेवणारं, दोन वर्षांपूर्वी व्हेंडरने एका अमेरिकन कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर नेलं. ईमेल आणि एक्सेलही परदेशी कंपनीचंच. यंदाच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने नायरा या तेल कंपनीचं प्रकरण काढलं आणि विचारलं, ‘उद्या तिकडून कोणी बटण दाबलं तर आमच्या ठेवींचं काय?’ तेव्हापासून संचालक मंडळात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, सर्व्हर परत मुख्य कार्यालयात आणा. दुसऱ्याचं, भारतीय कंपनीकडे जा. आणि क्लाउड विकणारा माणूस सांगून गेलाय, ‘सर, तुमचा डेटा इथेच ऐरोलीत आहे, काळजीच नको.’

मी बावीस वर्षं महापे-रबाळे पट्ट्यात काढली. सुरुवात रात्रपाळीत बॅकअपच्या टेपा बदलण्यापासून झाली. पुढे डेटा सेंटर चालवलं, आणि आता लहान संस्थांना सल्ला देतो. क्लाउडही विकलाय आणि सर्व्हर ठेवायचे स्वतःचे रॅकही, त्यामुळे दोन्हीकडची खोटी वाक्यं मला पाठ आहेत. ‘डेटा इथेच आहे’ हे त्यातलं सगळ्यात जुनं. ते खरं असतं, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र झालेत. डेटा ठेवलाय कुठे? त्याच्यावर कायदा कोणाचा चालतो? आणि तो बंद कोण करू शकतो? विक्रेत्याने पहिल्याचं उत्तर दिलं. सभासदाने विचारला होता तिसरा.

नवी मुंबईत घर घेतलेल्याला हा फरक लगेच कळतो. फ्लॅट तुमचा, कर्ज तुमचं, खाली जमीन मात्र बहुतेक ठिकाणी सिडको या सरकारी महामंडळाची, मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. घर विकायला निघालं की हस्तांतर शुल्क भरायला सिडकोच्या दारात जावं लागायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलं. घर कुठे आहे आणि घरावर शब्द कोणाचा चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लाउडमध्ये तर भाडेपट्टाही नाही, दरमहा भाडं आहे.

आता नायराचं बघू, कारण सभेत त्याची निम्मीच गोष्ट सांगितली गेली असावी. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांचं अठरावं पॅकेज जाहीर केलं. त्यात गुजरातमधल्या वाडिनारची नायराची रिफायनरी आली, कारण कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने त्यांच्या सेवा थांबवल्या. लोकांचे ईमेल उघडेनात. कंपनी भारतात नोंदलेली, परवान्यांचे पैसे भरलेले, आणि भारत सरकारने ते निर्बंध मान्यही केलेले नव्हते. निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, अंमलबजावणी अमेरिकन कंपनीची, आणि काम थांबलं आपल्याकडे. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाल्या. या सगळ्यात ‘डेटा कोणत्या गावात आहे’ हा मुद्दा कोणी काढलाच नाही. कुलूप लागलं ते खात्याला. सर्व्हर नायराच्या गेटबाहेर उभा असता तरी फरक पडला नसता.

कायद्याच्या बाजूनेही तेच. अमेरिकेत २०१३ साली मायक्रोसॉफ्टला वॉरंट निघालं, एका खात्याचे ईमेल द्या म्हणून. ते ईमेल आयर्लंडमध्ये डब्लिनच्या सर्व्हरवर होते. कंपनी म्हणाली, तिथे तुमचं वॉरंट चालत नाही. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि निकाल लागायच्या आत, मार्च २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने क्लाउड अ‍ॅक्ट करून विषय संपवला. डेटा जगात कुठेही असो, तो अमेरिकी कंपनीच्या ताब्यात असेल तर रीतसर आदेशानंतर द्यावा लागेल. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या समितीने मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं, की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रान्सच्या संमतीशिवाय अमेरिकेला जाणार नाही याची हमी देता का? ते म्हणाले, हमी देऊ शकत नाही. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. तुमच्या विक्रेत्याला हाच प्रश्न लेखी विचारा आणि गंमत बघा.

मग भारतीय कंपनीकडे जावं का? ‘जा’ म्हणायला मला आवडलं असतं. पण आत शिरून बघितलं की चित्र एवढं सरळ नाही. इमारत आपली, वीज आपली, रॅकमधल्या सर्व्हरचा प्रोसेसर मात्र अमेरिकेत आखलेला आणि अनेकदा तैवानमध्ये बनलेला. त्यावर चालणारं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, म्हणजे एकाच सर्व्हरचे अनेक सर्व्हर करणारं, बऱ्याच ठिकाणी व्हीएमवेअर कंपनीचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली आणि परवान्यांची पद्धतच बदलली. कायमचा परवाना बंद, वर्गणी सुरू. आपल्याकडच्या कित्येक ‘स्वदेशी’ क्लाउडवाल्यांचे हिशेब त्या एका निर्णयाने कोलमडले आणि ते दर शेवटी ग्राहकाच्या बिलात आले. भारतीय कंपनीकडे गेल्याने एक गोष्ट नक्की मिळते. भांडण झालं तर ते ठाण्याच्या किंवा मुंबईच्या कोर्टात, आपल्या कायद्याखाली होईल. ही लहान गोष्ट नाही. पण ‘आता आपल्याला कोणी हात लावू शकत नाही’ असा ठराव मात्र करू नका.

आणि सर्व्हर मुख्य कार्यालयात आणण्याचं म्हणाल, तर त्या संचालकांना १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवार सकाळची आठवण करून द्या. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी तेव्हा महाप्यात ड्युटीवर होतो. दिवे एकदा लुकलुकले, यूपीएसने भार उचलला, आणि काही सेकंदांत मागच्या आवारात डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, एकामागोमाग एक घरघरायला लागले. नंतर दिवसभर आमचं काम एकच, डिझेलचा टँकर ठाणे-बेलापूर रोडवर कुठे अडकलाय ते बघणं. आमच्या ग्राहकांना वीज गेल्याचं बातम्यांमधून कळलं. त्याच दिवशी पाचपाखाडीतल्या एका ओळखीच्या संस्थेचा फोन आला. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, यूपीएसच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या जुन्या. चाळीस मिनिटं म्हणून घेतलेला यूपीएस अकरा मिनिटांत बसला. डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत बंद पडला आणि तो दुरुस्त व्हायला पुढचे दोन दिवस गेले. त्यांच्या सर्व्हरवर सत्ता पूर्णपणे त्यांचीच होती, बरं का.

हा लहानांचाच दोष असं समजू नका. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याचा बाहेर कुठे बॅकअपच नव्हता. जमीन देशाची, इमारत सरकारची, माणसं सरकारची.

उलट उदाहरण युक्रेनचं. त्यांच्या कायद्यात सरकारी डेटा देशातच ठेवायची सक्ती होती. रशियाचं आक्रमण व्हायच्या आठवडाभर आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांच्या संसदेने तो कायदा बदलला आणि पुढे सरकारने महत्त्वाच्या नोंदी परदेशी क्लाउडवर हलवल्या. सर्व्हरवर क्षेपणास्त्र पडलं तरी जमिनीचे सातबारे शाबूत राहावेत म्हणून. एस्टोनियाने तर २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून तिथल्या डेटा सेंटरला वकिलातीसारखं संरक्षण मिळवलं. डेटा परदेशात, कायदा एस्टोनियाचा. म्हणून मी सल्ला देताना ‘कुठे’ हा प्रश्न शेवटी घेतो. आधी विचारतो, ‘निघायला किती दिवस लागतील?’

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलेलं वाचून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती कदाचित मंडळाला आवडणार नाही. तुमच्यावर सत्ता अमेरिकेची कमी आणि व्हेंडरची जास्त आहे. तुमचा अंकल सॅम वागळे इस्टेटमध्ये कुठेतरी दुसऱ्या मजल्यावर बसतो. क्लाउडचं खातं कोणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलंय, ‘व्हेंडरने नेलं’. म्हणजे बहुतेक त्याच्याच. बिल त्याच्या कार्डावर, अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्या माणसाकडे, डेटाबेसची रचना त्यालाच माहीत. त्याचं आणि क्लाउड कंपनीचं बिलावरून वाजलं, तर तुमच्या नऊ शाखा सकाळी साडेनऊला पासबुक छापायचं मशीन चालू करून बसतील आणि पडद्यावर काहीच येणार नाही. ब्रसेल्सला तुमचं नावही ठाऊक नसेल.

हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका वाहतूक कंपनीचं काम माझ्याकडे आलं. त्यांचं डोमेन, म्हणजे ज्या नावावर त्यांचे सगळे ईमेल चालत, ते सुरुवातीला एका हुशार पोराने स्वतःच्या खासगी ईमेलवरून घेतलेलं. पोरगा नोकरी सोडून कॅनडाला गेला. नूतनीकरणाची तारीख आली, सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या जुन्या सिमवर, आणि ते सिम बंद. एका शुक्रवारी दुपारी चार वाजता अख्ख्या कंपनीचे ईमेल थांबले. मालक माझ्यासमोर बसून त्या पोराच्या आईला फोन लावत होते, डोंबिवलीला. मुलगा झोपलाय, तिकडे पहाट आहे, असं ती माउली सांगत होती. शेवटी सुटलं सगळं, पण सोमवारी. चूक माझीही होती. वर्षभरापूर्वी मीच त्यांचं ऑडिट केलं होतं. फायरवॉलचे नियम तपासले, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते मात्र बघितलं नाही. तेव्हापासून कुठेही गेलो की पहिला कागद तोच मागतो.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा लावला असता. पहिल्या आठवड्यात फक्त नावं तपासायची. डोमेन, क्लाउडचं खातं, ईमेलचं अ‍ॅडमिन खातं, एसएमएसचं खातं, सगळं संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, आणि ओटीपी संस्थेच्या मालकीच्या सिमवर. मुख्य पासवर्ड आणि खातं परत मिळवायचे कोड छापून, पाकिटात बंद करून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने तिजोरीत. याला खर्च जवळपास शून्य. डोमेन तुमच्या हातात असेल तर ईमेलची कंपनी बदलणं एकदोन दिवसांचं काम आहे. जुना पत्रव्यवहार हलवायला वेळ लागेल, पण नवीन पत्रं यायला लागतील. केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या व्यवस्थेवर नेले, तेव्हा पत्ते तेच राहिले, कारण डोमेन सरकारचं होतं.

दुसरी गोष्ट बॅकअप. व्हेंडर म्हणेल रोज होतो. होत असेल. पण त्याच क्लाउडच्या त्याच खात्यात ठेवलेला बॅकअप म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच टांगलेली. रोज रात्रीची एक प्रत वेगळ्या कंपनीकडे, शक्यतो पुण्याला किंवा नागपूरला, आणि इथे भारतीय कंपनी निवडा, कारण साठवणुकीपुरता भावात फारसा फरक नाही. ही प्रत पाठवायच्या आधीच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करायची आणि त्याची किल्ली फक्त संस्थेकडे. मग कोणत्याही सरकारचा आदेश त्या कंपनीकडे गेला तरी तिच्या हातात निव्वळ गोंधळलेली अक्षरं असतील. चालू डेटाबेसला ही युक्ती पूर्ण लागू होत नाही, कारण हिशेब करायचा तर क्लाउडला डेटा उघडावाच लागतो. ‘किल्ली तुमच्याकडे’ अशी जाहिरात करणारे हा भाग सांगत नाहीत. शिवाय आठवड्यातून एकदा एक प्रत हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या बँकेच्या लॉकरमध्ये. हसू नका, कोरियाला एवढंही जमलं नव्हतं.

तिसरं, व्हेंडरशी करार. नूतनीकरण कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सगळा जोर तेव्हाच चालतो. त्यात लिहून घ्या की मागितल्यापासून इतक्या दिवसांत पूर्ण डेटा, खात्यांच्या रचनेच्या माहितीसकट, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात मिळेल. व्हेंडरने धंदा बंद केला तर सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ लिहिलेली प्रत, त्रयस्थाकडे ठेवलेला असावा आणि तो तुम्हाला वापरता यावा. इथे व्हेंडर तोंड वाकडं करेल. मग त्याला सांगा की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा त्याच्याकडून फुटला तरी जबाबदारी संस्थेची आहे, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. करार सुधारायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

हे तिन्ही झाल्यावर क्लाउड अमेरिकन ठेवायचा की भारतीय, हा खर्चाचा आणि सोयीचा प्रश्न उरतो, भीतीचा नाही. नऊ शाखांच्या पतसंस्थेला मी आज मुख्य सॉफ्टवेअर घाईने हलवायला सांगणार नाही. एखाद्या संरक्षण पुरवठादाराला किंवा रशियाशी व्यवहार असलेल्या निर्यातदाराला मी वेगळं उत्तर देईन, कारण त्यांच्या बाबतीत बटण दाबलं जाण्याची शक्यता खरी आहे.

देशाचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्या अनुभवात सरकारचा हात तिथेच पोचतो जिथे परवाना सरकारच्या हातात असतो. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढलं, पेमेंटचा डेटा फक्त भारतात ठेवा, सहा महिने मुदत. महाप्यात आम्ही ते सहा महिने झोपलो नाही, एवढी जागेची मागणी आली. ज्यांनी मनावर घेतलं नाही त्यांना रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि जुलैत मास्टरकार्डसुद्धा. मास्टरकार्डवरची बंदी उठली ती जून २०२२ मध्ये, पूर्तता झाल्यावर. अमेरिकेतल्या कंपन्यांना ते कळलं, कारण बाजार इथला होता आणि दार रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात म्हणून ते परिपत्रक तुम्हाला थेट लागू नव्हतं, एवढंच.

यूपीआयमध्ये रस्ता एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या भारतीय संस्थेचा, म्हणजे आपला. त्या रस्त्यावरच्या गाड्या मात्र बहुतेक फोनपे आणि गुगल पेच्या, एक वॉलमार्टच्या घरातली आणि दुसरी गुगलची. दोघांचा मिळून वाटा ८० टक्क्यांच्या आसपास. एका अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायचं ठरलं, पण मुदत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत आली. लोकांच्या सवयीपुढे सरकारचंही फार चालत नाही.

एक गोष्ट या चर्चेत कोणी काढत नाही म्हणून लिहितो. डेटा भारतात आला की तो परक्या सरकारपासून लांब जातो आणि आपल्या सरकारच्या जवळ येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार डेटा उघडून मागू शकतं, आणि २०२३ च्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो आपल्या सरकारसमोरही उभा राहावा म्हणूनच. पतसंस्थेला याची झळ सहसा लागत नाही. चौकशी यंत्रणेचं पत्र आलंच तर ते नेहमीच्या रस्त्याने येतं. पण ‘डेटा भारतात म्हणजे सुरक्षित’ या वाक्यात कोणापासून सुरक्षित, हे विचारायची सवय ठेवा.

आणि एक काम मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी करा. एक रविवार ठरवा. व्हेंडरला न सांगता नको, त्याला सांगूनच. लॉकरमधली डिस्क आदल्या दिवशीच काढून ठेवा, एक साधा भाड्याचा कॉम्प्युटर आणा, आणि त्या प्रतीवरून एका शाखेची, प्रत घेतलेल्या दिवसाची शिल्लक यादी काढून दाखवा म्हणावं. कळव्याची शाखा घ्या, लहान असेल तर. यादी रोजकीर्दीशी जुळवायला जुन्या कॅशियरला बसवा. पहिल्यांदा जुळणार नाही, माझ्याकडे आजवर एकाचीही जुळलेली नाही. कुठे चुकतं ते लिहून ठेवा आणि महिन्याने परत करा.